जुबेदा, तू गल्ली सोडली नाहीस

तुझा जनाजा निघाला तेव्हा भिवंडीच्या निजामपुऱ्यातली तुमची गल्ली गप्प होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही यंत्रमाग, तुमच्या भाषेत लूम, चालत नव्हता. गल्लीतलं माणूस गेलं की जनाजा वळणापलीकडे जाईपर्यंत सगळ्यांनी आपापले कारखाने बंद ठेवायचे, ही तुमच्याकडची रीत मला माहीत होती. तुझ्या अब्बांच्या वेळी पाहिली होती, अम्मीच्या वेळीही. पण या वेळी ती शांतता ऐकून मला रडू आलं नाही, संताप आला. दाराशी उभा असलेला एक कारीगर हळूच म्हणाला, "मैडम, आपा के लिए पूरी गली बंद है." बिचारा आदरानं सांगत होता. मी त्याच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की तो मागे सरला.

तू जिवंत होतीस तेव्हा तुझ्या खोलीमागचे चार लूम बंद ठेवा म्हणून मी इक्बालपुढे, तुझ्या सख्ख्या भावापुढे, हात जोडले होते. फक्त चार. ते झालं नाही. तू गेल्यावर मात्र आख्खी गल्ली बंद. हा आदर घेऊन मी काय करू जुबेदा? त्याचं काय लोणचं घालू?

मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. आपल्या शाळेतल्या बायका फोन करकरून मला हेच समजावतायत. "कुसुमताई, आता तरी शांत व्हा." त्यांना काय ठाऊक, आपण दोघी तीसेक वर्षं भांडूनच तर एकत्र राहिलो. तू इंग्रजी शिकवायचीस, मी मराठी. स्टाफरूममध्ये आपल्या खुर्च्या शेजारी-शेजारी, कारण आपल्या भांडणात बसायला दुसरं कुणी तयार नसायचं. रिटायर झाल्यावर खुर्च्या गेल्या, भांडण राहिलं. आणि आता तू मध्येच उठून गेलीस. हे चालायचं नाही. मी बोलणार आहे आणि तू ऐकणार आहेस. आयुष्यात पहिल्यांदाच तुला माझं बोलणं मध्ये तोडता येणार नाही.

सुरुवातच भांडणानं झाली होती, आठवतंय? मी शाळेत नवीन होते. अंबाडी गावापलीकडच्या वारली पाड्यावरून आलेली, बी.एड. झालेली, तरी तोंडातून 'हाय' आणि 'न्हाय' जात नव्हतं. म्हणून मी तोंडच मिटून बसायचे. तू डबा घेऊन समोर येऊन बसलीस आणि ओळखपाळख नसताना विचारलंस, "तुला माहितीये, व्हिलन हा शब्द कुठून आला?"

मी म्हटलं, "सिनेमातून."

तुला केवढा आनंद झाला. कुणीतरी चुकीचं उत्तर दिलं की तुझा चेहरा असा खुलायचा. म्हणालीस, "व्हिला म्हणजे जमीनदाराचं शेतावरचं मोठं घर. त्याच्या जमिनीवर राबणारं कूळ, तो व्हिलन. व्हिलेजसुद्धा त्याच घरचा शब्द. आधी तो नुसता गावचा माणूस होता. मालक लोकांनी हिणवून हिणवून त्याचा बदमाश केला."

"म्हणजे मी व्हिलन," मी म्हटलं.

"एकटी तूच कशाला? तुमचा आख्खा पाडा."

तू हसलीस आणि मी पेटले. ज्या भाषेत गावचा माणूस म्हणजे लबाड, ती भाषा तुम्ही पोरांना कुठल्या तोंडानं शिकवता, असं काय काय सुनावलं. रागाच्या भरात मिटलेलं तोंड उघडलं आणि पाड्यावरचं सगळं मराठी हाय-न्हायसकट बाहेर आलं. सगळी स्टाफरूम माझ्याकडे बघत होती. तू माझ्या बोलीला हसली नाहीस. नीट ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "आणि तुझ्या मराठीत गावंढळ म्हणजे काय गं? रानटी म्हणजे काय? जंगली म्हणजे?"

उत्तर मला घरी जाताना एस.टी.त सुचलं. दुसऱ्या दिवशी शाळेत पाय ठेवल्या ठेवल्या तुला गाठलं आणि सांगितलं, "साहेबाचा सिटिझन सिटीतला. आमचा नागरिक नगरातला. म्हणजे पाड्यावरची बाई दोन्ही भाषांत नागरिक न्हाय. मग तुझी भाषा कशाला मोठी आणि माझी कशाला?" तू उठून बाहेर गेलीस आणि दोन कटिंग चहा घेऊन आलीस. त्या दिवसापासून मी स्टाफरूममध्ये माझ्या बोलीत बोलायला लागले. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू चार माणसांत मिरवलं असतंस.

तुझं वेडच होतं ते. बाकीच्या शब्दांशी तुझं फारसं देणंघेणं नसायचं, पण जागेचा शब्द दिसला की तू त्याच्या मागे लागायचीस. टाऊन म्हणजे मुळात कुंपण, नंतर कुंपणाच्या आतली वस्ती. यार्ड म्हणजे वेढलेलं आवार, गार्डनसुद्धा तेच. सबर्ब म्हणजे शहराच्या पायाशी पडलेलं. "इंग्रजीतला जागेचा कुठलाही शब्द खणत जा कुसुम, खाली कुंपण लागतं," असं तू एखाद्या पोलिसानं चोरी पकडल्यासारखं सांगायचीस. एकदा रमजानमध्ये, उपाशीपोटी, भर उन्हात, तू मला शाळेच्या गेटवर थांबवून सांगितलं होतंस की पॅरडाइज म्हणजे जुन्या इराणी भाषेत चारी बाजूंनी भिंत घातलेली बाग. "आमचा फिरदौस पण तोच शब्द. जन्नतला पण कंपाउंड आहे बघ." आणि मग कंपाउंडवर गाडी गेली. तो बहुतेक मलाया मुलखातला काम्पोंग. तिकडे त्याचा अर्थ साधा, वस्ती, गाव. साहेबानं तो उचलला आणि घराभोवतीच्या आवाराला दिला. आपण त्याची नुसती भिंत केली.

"तिकडं गाव होतं, हिकडं भिंत झाली," मी म्हटलं. "ह्यानं पोरांना पेपर लिहिता येणार हाय का?"

तू म्हणालीस, "सोयरीक करताना घर बघून येतात ना, तसं शब्दाचं घर बघून यायचं. मग त्याची भीती वाटत नाही." आणि खरंच, आपल्या शाळेतली यंत्रमागवाल्यांची पोरं, हातगाडीवाल्यांची पोरं, माझ्या पाड्यावरून आलेल्या दोघी मुली, इंग्रजीला घाबरायच्या बंद झाल्या. ते तुझं श्रेय. ते मी नाकारत नाही. पण आज माझ्यासमोर तुझं श्रेय मोजत बसू नकोस, माझं डोकं तापलेलं आहे.

कारण याच वेडानं तुझा घात केला. तुला शब्दाचं मूळ सापडलं की प्रश्न सुटला असं वाटायचं. आणि ज्या प्रश्नाला तोंड द्यायचं नाही, त्याच्या आड तू एक शब्द उभा करायचीस.

तुझी खोली वरच्या मजल्यावर, घराच्या मागच्या अंगाला. तिची एकुलती एक खिडकी इक्बालच्या कारखान्याच्या पत्र्यावर उघडायची. उघडायची म्हणजे काय, ती कधी उघडलेली मी पाहिली नाही. फटींमध्ये तू चिंध्या कोंबून ठेवल्या होत्यास. तरी लूमवरून उडणारी कापसाची रुई आत यायचीच. तुझ्या डिक्शनऱ्यांवर, गादीवर, चष्म्याच्या काचेवर पांढरी लव बसलेली असायची, सकाळी पुसली तर दुपारी परत. एकदा तिथं बसून तू मला सांगितलंस की विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा. नॉर्वेकडच्या जुन्या लोकांचा शब्द. घरातला धूर जावा, बाहेरचा वारा यावा म्हणून भिंतीला ठेवलेला डोळा.

मी तुझ्या चिंध्यांकडे बघून म्हटलं, "मग तुमच्या घराला मोतीबिंदू झालाय."

तू एवढी हसलीस की ठसका लागला. बराच वेळ थांबेना. पाणी दिलं, पाठ चोळली. तेव्हा आपल्याला वाटलं होतं, हसण्याचाच ठसका आहे.

पुढे तो हसल्याशिवायच यायला लागला. जिना चढताना यायचा, नमाजला वाकताना यायचा. मी तुला जवळजवळ ओढत डॉक्टरकडे नेलं. त्यानं एक्स-रे बघितला, तुझ्याकडे बघितलं आणि साध्या मराठीत सांगितलं, की औषध मी देतो, पण त्या रुईत राहिलात तर औषध काही करणार नाही, जागा बदला. यात न समजण्यासारखं काय होतं? पण तू काय म्हणालीस? "डॉक्टरसाहेब, प्लेस म्हणजे मुळात रुंद रस्ता. आमच्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागं जावं लागतं. म्हणजे मला मुळात प्लेसच नाही. बदलू काय?"

डॉक्टर हसला. कंपाउंडर हसला. मला त्या दोघांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि तिसरी तुझ्या. सगळ्यांना हसवून तू त्या केबिनमधून सुटलीस. तुला सुटताना बघायचा मला तेव्हाच वीट आला होता.

मग मी इक्बालकडे गेले. तो कारखान्याच्या दारात बसला होता. आत लूमचा खडखडाट एवढा की मला ओरडूनच बोलावं लागलं, आणि तसंही मला ओरडायचंच होतं. म्हटलं, बहिणीच्या खोलीमागचे चार तरी बंद कर, नाहीतर दुसरीकडे हलव. तो उठून बाहेर आला. "टीचर, मी काय करू सांगा. दोनदा बंद केले. दोन्ही वेळेला आपा खाली येऊन माझ्यावरच ओरडली. बोलली, चालू कर आधी. आवाज थांबला का माझा जीव घाबरतो बोलली."

मला वाटलं, धंदा सांभाळायला बहिणीचं नाव पुढे करतोय. मी त्याला नाही नाही ते बोलले. आता कळतंय की तो खरं सांगत होता. तरी मी त्याची माफी मागणार नाही. भावानं बहिणीचं ऐकू नये अशी एक वेळ असते, आणि ती वेळ त्यानं घालवली.

माझं म्हणणं एवढंच होतं की माझ्याकडे ये. पाड्यावर मी रिटायरमेंटनंतर दोन खोल्या बांधल्यात. मागे टेकडी आहे, चारी बाजूंनी वारा आहे, गादीवर लव बसत नाही. एक खोली रिकामीच असते. मी तुला हे किती वेळा सांगितलं असेल? आणि प्रत्येक वेळी तू एकेक शब्द काढलास. एकदा म्हणालीस, "नेबर म्हणजे मुळात जवळचा शेतकरी. बाजूला राहून जमीन कसणारा. तुझी नेबर होऊन मी काय कसू? माझ्याच्यानं कुंडीतला पुदिना जगत नाही." एकदा म्हणालीस, पेगन म्हणजे मूळचा खेड्यात राहणारा, देवधर्म वेगळा तो नंतर झाला, तेव्हा मी खेड्यात आले तर मौलवीसाहेबांना काय सांगू. मी हसले. हसायला यायचंच, तू सांगायचीसच तसं. आणि हसून झाल्यावर लक्षात यायचं की तू नाही म्हणालीस.

शेवटी थंडीत तू आलीस. स्वतःहून. रात्रभर खोकून सकाळी फोन केलास की येते. मी भिवंडीला एस.टी. स्टँडवर तुला घ्यायला आले. एस.टी. भिवंडी-वाडा रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंना गोडाऊन सुरू झाली, पत्र्यामागून पत्रा. तू खिडकीजवळ बसून उत्साहात सांगायला लागलीस, की गोडाऊन हा मूळचा आपल्या दक्षिणेकडचा शब्द. तो समुद्रावरून मलायात गेला, तिथं गुदांग झाला, तिथून पोर्तुगीजांनी उचलला, मग इंग्रजांनी, आणि एवढं जग फिरून शेवटी भिवंडीत येऊन बसला.

"माझ्या आत्याच्या शेतात येऊन बसला," मी म्हटलं. एका निळ्या पत्र्याकडे बोट दाखवलं. "त्या तिथं. भात व्हायचा."

तू माझा हात हातात घेऊन अंबाडी येईपर्यंत तसाच ठेवलास. तुझ्याकडे शब्द नव्हता आणि तरी तू पळून गेली नाहीस, असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, आता ही राहील.

आणि तुला बरं वाटायला लागलं होतं. हे तू नाकारू नकोस. नाचणीची भाकरी आवडीनं खाल्लीस, टेकडीच्या पायथ्यापर्यंत न थांबता चालून आलीस. तुझा खोकला उतरत होता, मी कान लावून होते. माझ्या मनात तर तुझी पुस्तकं कुठल्या भिंतीला लावायची हेसुद्धा ठरून गेलं होतं.

मग ती दुपार. जेवून तू आतल्या खोलीत पडलीस. थोड्या वेळानं धडपडत बाहेर आलीस, केस विस्कटलेले, डोळे मोठे. "कुसुम, लाईट गेली काय?"

डोक्यावर पंखा फिरत होता. तू त्याच्याकडे बघत उभी राहिलीस, जणू तो खोटं बोलतोय. मग ओसरीत जाऊन मीटर बघून आलीस. मी हसून लोटपोट झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी परत तेच. झोपेतून दचकून उठलीस, बॅटरी शोधायला लागलीस, भर उजेडात. मी चिडवलं, की आता इन्व्हर्टरवाल्याला पण फोन कर. तिसऱ्या दुपारी तू बाहेरच आली नाहीस. मी आत येऊन बघते तर खाटेवर पाय खाली सोडून बसलेली, आणि रडत होतीस.

"मला हितं झोप न्हाय लागत गं," तू म्हणालीस. तीसेक वर्षांत तू माझ्याशी शुद्ध शाळेचं मराठी बोललीस, आणि त्या दिवशी घरचं बोललीस. "डोळा लागला का वाटतं, कायतरी बंद पडलंय. आमच्याकडं एवढं गप कधी असतं? लाईट गेली तर, न्हायतर कोण मेलं तर. मी झोपते आणि झोपेतच इचार करते, आज कोण गेलं."

मला समजलं. समजलं म्हणूनच जास्त राग आला. जन्मल्यापासून तू त्या खडखडाटात झोपलीस. लूम चालू म्हणजे घरदार ठीक आहे, गल्ली ठीक आहे, ही खात्री तुझ्या कानांना. माझ्याकडची हवा तुझ्या छातीला चालत होती आणि माझ्याकडची शांतता तुला रोज एक मयत दाखवत होती. पण ह्यावर काहीतरी केलं असतं ना आपण. सवय झाली असती. महिनाभर, दोन महिने. पोरंसुद्धा वसतिगृहात पहिले आठ दिवस रडतात आणि मग राहतात. मी तुला तेच सांगितलं. तू पिशवी भरत होतीस. मी पिशवीतून कपडे काढत होते, तू परत भरत होतीस. मी म्हटलं, छाती मोठी की झोप मोठी? तू एक शब्द उकरला नाहीस, एक गंमत केली नाहीस. भांडायला माझ्याजवळ दुसरं कोण होतं जुबेदा? निदान एखादा शब्द तरी काढायचास.

संध्याकाळच्या गाडीनं तू गेलीस. गल्लीत पोचल्यावर मेसेज केलास, "छान झोप झाली." मी उत्तर लिहिलं की तुझ्या झोपेला माझा नमस्कार. त्यावर तू हसरा चेहरा पाठवलास.

उन्हाळ्यात तुला हॉस्पिटलात ठेवलं. मी आले तेव्हा तू जनरल वॉर्डात होतीस, नाकात नळी, ओठ काळे पडलेले. आणि मला बघून पहिलं वाक्य काय? "हॉस्पिटल, हॉटेल, होस्ट... एकाच घरचे." दम घेतलास. "लॅटिनमध्ये यजमानाला आणि पाहुण्याला... एकच शब्द."

"मग तू इथं कोण?" मी विचारलं.

"बिल आलं की... सांगते."

मी म्हटलं, "गप बस. दम लागतोय." आणि तू गप बसलीस. कधी नव्हे ते माझं ऐकलंस. आपलं बोलणं तिथं संपलं. दुसऱ्या दिवशी तुला आय.सी.यू.त हलवलं, तिथं फक्त घरच्यांना सोडत होते. वॉचमननं मला विचारलं, पेशंट तुमची कोण? मी काय सांगणार होते त्याला? इंग्रजीत, मराठीत, तुमच्या बोलीत, माझ्या वारलीत, तू माझी कोण याला त्या वॉचमनला चालेल असा शब्द नव्हता. तू इतके शब्द शोधलेस, हा एक शोधला नाहीस. मी बाहेरच्या बाकावर बसून राहायचे आणि रेहाना, तुझी भावजय, आत-बाहेर करायची.

मग इक्बालचा फोन आला. मी पोचले तेव्हा तुला आंघोळ घालून झाली होती. कफनात तुझा चेहरा लहान दिसत होता, खोडी काढून साळसूद बसलेल्या मुलीसारखा. मी बायकांमध्ये बसले. माझ्या डाव्या-उजव्या बाजूच्या बायका दुआ पढत होत्या, मी मनातल्या मनात तुला शिव्या देत होते. पुरुषांनी खांद्यावर घेतलं, आम्ही बायका दारातून पाहिलं. तूच मला एकदा कब्रस्तानाजवळून जाताना सांगितलं होतंस की सिमेट्री हा ग्रीकांचा शब्द, आणि त्याचा अर्थ झोपायची जागा. त्या वेळी ऐकायला गोड वाटलं होतं. आता मला तुला विचारायचं आहे, की तिकडे तर माझ्या पाड्याहून जास्त शांतता आहे, मग तिकडे कशी झोपणार आहेस तू? तिथून संध्याकाळच्या गाडीनं परत येता येत नाही. माझ्याकडे चार दुपारी काढवल्या नाहीत आणि तिकडे गुपचूप गेलीस.

जनाजा वळला. मिनिटभरात पहिला लूम सुरू झाला, मग शेजारचा, मग सगळे. लोक धंद्याला लागले, त्यांचं बरोबरच आहे, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. मी दारातच उभी राहून वारलीत एक सणसणीत शिवी हासडली. त्या खडखडाटात कुणालाच ऐकू गेली नाही.

जियारतीच्या, म्हणजे तुमच्याकडच्या तिसऱ्याच्या दिवशी मी परत आले. कुराणाचं वाचन झालं, पानसुपारी झाली, बायका पांगल्या. रेहाना मला वर तुझ्या खोलीत घेऊन गेली. म्हणाली, "कुसुमताई, एक सांगायचं राहिलं. तवा मस्करी वाटली म्हणून बोलले न्हाय."

मी म्हटलं, बोल.

"आय.सी.यू.त आपा एकदा जरा ठीक होत्या. मास्क बाजूला करून मना बोलल्या, कुसुमला सांग, बरी झाले का मी येतेय तिच्याकडं, कायमची. पण तिला सांग, घराच्या मागं एक पिठाची गिरणी लाव. आवाज पायजे, न्हायतर झोप न्हाय येत." रेहाना रडायला लागली. "आपा नेहमीच मस्करी करायच्या ना. मी हसले. तुम्ही बाहेर बाकावरच होता, तरी बोलले न्हाय. दुसऱ्या दिशी त्यांनी विचारलं, कुसुम काय बोलली? मी काय सांगणार? मी बोलले, हो म्हणाली."

"मग?"

"मग मास्कच्या आतून हसल्या. बोलल्या, खोटं बोलतेस. कुसुम आधी भांडली असती."

रेहानावर रागवायला माझ्याकडे राग शिल्लक नव्हता, तो सगळा तुझा आहे. मी तिथं तुझ्या गादीवर बसून राहिले आणि रेहाना माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, तुझ्या पाठीवरून मायेनं फिरवावा तसा.

बरोबर ओळखलंस. भांडले असते. म्हटलं असतं, रुईतून उठून पिठात येऊन बसणार, अक्कल गहाण ठेवलीस काय? म्हटलं असतं, पाड्यावर गिरणीला लागतं तसलं लाईटचं कनेक्शन तुझा भाऊ आणून देणार आहे का? आणि दळायला येणार कोण, सगळे तर अंबाडीला जाऊन दळून आणतात. तू मिल या शब्दाचं मूळ काढलं असतंस. मी फोन ठेवून दिला असता आणि दोन दिवस उचलला नसता. आणि मग गिरणी लावली असती, जुबेदा. दळणाचा एक दाणा आत न टाकता, रोज दुपारी तू आडवी झालीस की चालू केली असती, आणि तू उठेपर्यंत रिकामी फिरवली असती.